छायाचित्रकार राजा दीनदयाळ

ज्या काळी एक छायाचित्र घ्यावयाचे म्हणजे बैलगाडीभर साहित्य, चार-पाच मदतनीस, पाण्याच्या घागरी आणि अंधाऱ्या तंबूची सिद्धता करावी लागे, त्या काळी आपल्या सिकंदराबादेत एका गृहस्थाने स्टुडिओ थाटला आणि पुढे हिंदुस्थानातील अग्रगण्य छायाचित्रकार म्हणून देशी-परदेशी नाव मिळविले. हे गृहस्थ म्हणजे राजा दीनदयाळ. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सहलीहून परतणारा विद्यार्थी दोनशे चित्रे सहज घेऊन येतो. त्यांतील किती पुन्हा पाहाविशी वाटतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. दीनदयाळ यांची चित्रे सव्वाशे वर्षांनंतरही लोक डोळे भरून पाहतात. ती तशी का झाली, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

त्यांचा जन्म इ. स. १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. रत्नांच्या घरात जन्मलेल्या या मुलाने पेढीवर बसण्याऐवजी रुडकीच्या थॉमसन कॉलेजचा मार्ग धरला. स्थापत्यशास्त्र शिकविणारी ही संस्था त्या काळी साऱ्या देशात प्रसिद्ध होती. आज ती रुडकीची आय. आय. टी. म्हणून ओळखली जाते. तेथे रेखाटन, मोजणी आणि इमारतींचे आराखडे यांचे शिक्षण घेऊन इ. स. १८६६ मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या कामावर रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

इंदूर ही होळकरांची राजधानी. तेथील मराठमोळ्या दरबारात, तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, या तरुण नकाशेकाराच्या आयुष्यास वळण लागले. इ. स. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. महाराजांनी त्यांना उत्तेजन दिले आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनीही त्यांचे कौतुक केले. त्यांचे हे छंदाचे काम कचेरीच्या कामाबरोबरच चालू होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिशी गाठलेल्या, सरकारी नोकरी सांभाळणाऱ्या माणसाने ही अवघड कला शून्यापासून हस्तगत केली.

अवघड म्हणजे किती अवघड, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्या वेळी प्रचलित असलेल्या पद्धतीस ओल्या काचेची पद्धती म्हणत. इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी इ. स. १८५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, काच चारी कोपऱ्यांकडे हळूहळू कलती करून तो सारखा पसरवावयाचा आणि उरलेला थेंबाथेंबाने बाटलीत परत सोडावयाचा. नंतर अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, की ती प्रकाशास संवेदनशील होई. मग ओली असतानाच ती कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे आणि लगोलग तंबूत धावत जाऊन ते उमटवावयाचे. काच वाळली की सारा खटाटोप व्यर्थ! कलोडियनमधील ईथर आपल्याकडील उन्हाळ्यात भराभर उडून जाई. धुळीचा एक कण बसला तर चित्रावर डाग पडे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत ती निराळीच.

या पद्धतीत एका चित्रामागे इतका खर्च व श्रम होत, की चित्रकारास मन मानेल तसे दहा वेळा चित्र घेण्याची मुभा नव्हती. काच पाजळण्यापूर्वीच सर्व निर्णय घ्यावे लागत. कोठे उभे राहावयाचे, सूर्य कोठे येईपर्यंत थांबावयाचे, चौकटीत काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे, हे सारे आधी ठरत असे. दीनदयाळ यांना रुडकीचे शिक्षण येथे उपयोगी पडले असे मला वाटते. आराखडा काढणारा माणूस इमारतीकडे प्रथम तिच्या उभ्या-आडव्या रेषा पाहूनच बघतो. त्यांनी घेतलेली मंदिरांची व किल्ल्यांची चित्रे पाहा. खांब सरळ उभे आहेत, पायऱ्या क्षितिजाला समांतर आहेत आणि इमारतीचा कोणता कोपरा प्रकाशात व कोणता सावलीत राहावा याचा विचार झालेला दिसतो.

आपण मोबाइलने उंच देवळाचे शिखर टिपू लागलो की हात आपोआप वर कलतो आणि चित्रात देऊळ मागे कोसळत असल्यासारखे दिसते. भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. याचे कारण इतकेच, की कॅमेरा इमारतीला समांतर राहिलेला नसतो. त्या काळच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याला पुढचे भिंग सरळ वर सरकविण्याची सोय असे. काच मात्र इमारतीला समांतरच राही, त्यामुळे शिखर चौकटीत येई आणि भिंतीही ताठ राहत. आपल्याजवळ ती सोय नाही, तर आपण चार पावले मागे जावे, एखाद्या ओट्यावर अगर जिन्यावर चढावे आणि यंत्र सरळ धरावे. खाली थोडी जास्त जमीन आली तर ती नंतर कापता येते.

मागे जाण्याची ही कसोटी दीनदयाळ यांनी पुष्कळदा दिली. इ. स. १८८२ मध्ये एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंड व आसपासच्या प्रदेशांत हिंडले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे आणि सांचीचा स्तूप त्यांनी काचांवर उतरविला. या प्रवासातून इ. स. १८८६ मध्ये मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंचा ग्रंथ निघाला. त्यातील चित्रे पाहून अनेकांना या वास्तूंची भव्यता प्रथमच कळली. पुढे दगड झिजले, काही ठिकाणी दुरुस्त्या झाल्या. त्या अगोदरचे रूप कसे होते हे आज अभ्यासकांना याच काचांवरून ताडून पाहता येते.

येथवर त्यांची नोकरी चालूच होती. मात्र व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी इ. स. १८८५ मध्ये त्यांना आपला छायाचित्रकार नेमले आणि मोठे पाऊल उचलण्याची वेळ आली. सरकारी नोकरी म्हणजे निश्चित पगार, पुढे निवृत्तिवेतन आणि समाजात मान. छायाचित्रकाराचा धंदा म्हणजे आज श्रीमंत आणि उद्या रिता. दीनदयाळ यांनी प्रथम दोन वर्षांची रजा घेतली. चाळिशी उलटलेल्या, संसारी माणसाने आपली बोट किनाऱ्याला बांधून मग पाण्याची खोली मोजावी तसे हे झाले. धंद्याचा अदमास आल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. धाडस म्हणजे आंधळी उडी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही रजा विसरू नये.

इ. स. १८८६ मध्ये सिकंदराबाद येथे त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. गाव निवडण्यात त्यांनी व्यवहारज्ञान दाखविले. तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने वसलेली ही छावणी हुसेनसागराच्या एका बाजूस, तर निजामांची राजधानी दुसऱ्या बाजूस. येथे लष्करी अधिकारी, त्यांची कुटुंबे व पलटणी होत्या. तेथे नवाब, जहागीरदार आणि खुद्द निजाम. शिवाय वाडीहून सिकंदराबादेस येणारा लोहमार्ग इ. स. १८७४ मध्येच सुरू झाला होता, त्यामुळे मुंबईहून काचा व रसायने आणणे सुकर झाले होते. त्या वेळच्या संस्थानात औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हा मराठी मुलूखही येत असे, म्हणून वेरूळ व दौलताबाद यांची चित्रेही त्यांच्या संग्रहात आली. निजामांच्या मुलखातील दृश्यांचा त्यांचा एक संग्रह इ. स. १८९२ चा आहे.

तोपर्यंत काचेची जातही बदलली होती. डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी इ. स. १८७१ मध्ये जिलेटिनचा लेप असलेल्या काचेची कल्पना मांडली आणि पुढील दशकात अशा कोरड्या काचा तयार मिळू लागल्या. आता तंबूत धावपळ करावयास नको. काच आज घ्यावी आणि दोन दिवसांनी उमटवावी. क्षणार्धात चित्र उमटू लागल्याने धावता घोडाही टिपता येऊ लागला. लष्करी कवायती व खेळ यांची चित्रे त्यामुळेच शक्य झाली. मात्र दख्खनच्या उन्हाळ्यात या काचांचेही दुखणे होतेच. पाणी कोमट असले की जिलेटिन मऊ होऊन काचेवरून सुटू लागे. म्हणून जाणते लोक पाणी गार असेल अशा रात्री अगर पहाटे हे काम करीत आणि तुरटीच्या पाण्याने जिलेटिन घट्ट करून घेत.

हे कोरडे तांत्रिक वर्णन वाटेल, परंतु त्यात एक तत्त्व दडले आहे, जे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही नेमके उलट करून लागू पडते. काचेवर प्रकाश कमी पडला तर सावलीतील तपशील कायमचा नाहीसा होई. काचेवर जे उमटलेच नाही ते छापताना कोठून आणणार? म्हणून जुने छायाचित्रकार सावलीकडे पाहून वेळ मोजत. डिजिटल कॅमेऱ्यात याउलट प्रकाश जास्त झाला की पांढऱ्या भागातील तपशील हरवतो, मग तो संगणकावर कितीही खटपट करा, परत येत नाही. पांढरा सदरा नुसता चुन्याच्या भिंतीसारखा दिसतो. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवावे, उजेड थोडा कमी करावा आणि मगच चित्र घ्यावे. सावली नंतर उजळता येते. भिंग प्रथम स्वच्छ रुमालाने पुसावे, हे सांगण्याचीही लाज वाटते, पण अर्धी धूसर चित्रे खिशातील बोटांच्या ठशांमुळेच होतात.

जुन्या काचांना निळा प्रकाश फार लवकर जाणवे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे होई आणि लाल पगडी काळी उतरे. आपण जुनी चित्रे पाहून त्या काळी सारेच काळ्या पगड्या बांधीत असा समज करून घेऊ नये! दरबारी माणसांचे चित्र घेताना पोशाखाच्या रंगांचा असा हिशेब मनात ठेवावा लागे.

सहावे निजाम मीर महबूब अली खान स्वतः शिकारीचे शौकीन व कलाप्रेमी होते. त्यांच्या पदरी राहून दीनदयाळ यांनी राजवाडे, स्वाऱ्या, मेजवान्या आणि शिकारीचे तळ चित्रित केले. फलकनुमा राजवाड्याच्या दालनांची चित्रे पाहताना प्रकाश खिडकीतून येऊन फरशीवर कसा सांडला आहे, ते निरखण्याजोगे आहे. इ. स. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. त्यांच्या प्रशंसेपर निजामांनी शेरही रचला अशी ख्याती आहे. तत्पूर्वी इ. स. १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला होता आणि इ. स. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकारांत त्यांची गणना झाली. मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. इ. स. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन शिकारीसाठी वरंगळ जिल्ह्यातील नेकोंडा येथे आले, तेव्हाची चित्रे अजून वारंवार छापली जातात.

माझ्या मते मात्र त्यांच्या साऱ्या बिरुदांहून इ. स. १८९२ मधील एक गोष्ट अधिक मोलाची आहे. हैदराबादेत त्यांनी केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातील स्त्रिया परक्या पुरुषापुढे बसत नसत. म्हणून स्टुडिओभोवती उंच भिंती बांधल्या आणि चित्रे घेण्याचे काम केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती सोपविले. आपला हात सर्वांत कुशल असूनही जेथे तो चालणार नाही तेथे तो मागे घेण्याचा समंजसपणा येथे दिसतो. चित्र घ्यावयाच्या व्यक्तीची अडचण आधी समजून घ्यावी, हा नियम त्यांना कोणी पुस्तकात शिकविला नसावा. हल्ली वाटेने जाणाऱ्या माणसाकडे न विचारता मोबाइल रोखणाऱ्यांनी याचा विचार करावा.

समोर बसणाऱ्या व्यक्तीला निश्चल ठेवणे हीही एक कला होती. लांब वेळ लागत असे तेव्हा डोक्यामागे लोखंडी आधार लावण्याची रीत होती. स्टुडिओला उत्तरेकडे काचेची खिडकी ठेवीत, कारण तेथून थेट ऊन येत नाही आणि चेहऱ्यावर मऊ, एकसारखा उजेड पडतो. घरात आजोबांचे चित्र घ्यावयाचे असेल तर हाच उपाय करून पाहा. त्यांना दुपारच्या अंगणात उभे करू नका. डोळ्यांखाली काळी वर्तुळे येतील. उत्तरेच्या खिडकीजवळ बसवा, खोलीतील दिवा मालवा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरी चादर टांगा. चादरीवरून उजेड परावर्तित होऊन सावलीची बाजूही हळुवार उजळेल. चित्रामध्ये किती फरक पडतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आता एका अशा कामाकडे वळतो, जे सुखद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद भागात दुष्काळाने थैमान घातले. निजाम सरकारने कामे काढली, अन्नछत्रे उघडली, आणि या मदतकार्याची चित्रे घेण्यात आली. दीनदयाळ यांच्या संस्थेने केलेला हा संग्रह इ. स. १८९५ ते १९०२ या काळातील आहे. तो दरबारासाठी होता; सरकारने किती केले हे दाखविणे हाच त्याचा हेतू. पण काचेवर जे येते त्यात हेतूपेक्षा अधिक असते. अन्नछत्रापुढे रांगेत बसलेल्या माणसांच्या बरगड्या आणि मुलांच्या मोठ्या डोळ्यांतील स्तब्धता, ही दरबाराची स्तुती करीत नाहीत. त्या माणसांना कोणी विचारले नसेल, की तुमचे चित्र घेऊ का? ते जनानखान्यातील सरदारकन्या नव्हते. जनाना स्टुडिओच्या भिंती आणि ही रांग एकाच चित्रकाराच्या आयुष्यात आहेत, हे मला खटकते. आणि तरीही ही चित्रे नसती तर त्या माणसांचा मागमूसही राहिला नसता, हेही तितकेच खरे. माझ्या आजोळचे गाव औरंगाबादेपासून दूर नाही. तेव्हा त्या रांगेत आमचे कोणी असेल काय, असे ते चित्र पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

या संग्रहातही तीच शिस्त आहे, प्रत्येक चित्रास क्रमांक आहे. दीनदयाळ यांच्या काचांच्या कोपऱ्यात क्रमांक व नाव लिहिलेले असे. लेपाच्या बाजूने लिहिताना ते उलटे लिहावे लागे, म्हणजे छापल्यावर सुलटे उमटे. आपण मात्र मोबाइलमध्ये हजारो चित्रे क्रमांकाशिवाय, नावाशिवाय साठवितो आणि वर्षानंतर शोधू लागलो की लग्न कोणाचे, गाव कोणते, काहीच आठवत नाही. ज्या दिवशी चित्रे घेतली त्याच दिवशी वाईट चित्रे काढून टाकावीत, उरलेल्यांना तारीख, गाव आणि माणसांची नावे द्यावीत आणि त्यांची प्रत दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ठेवावी. काच फुटली तर ती मूळ प्रत होती आणि दुसरी नव्हती, ही भीती दीनदयाळ यांच्या डोक्यावर सदैव होती.

कागदावरील छापही सहजासहजी होत नसे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद काचेखाली दाबून उन्हात ठेवीत. सूर्यच चित्र छापी. मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून त्यास तपकिरी-जांभळी झाक आणीत, मीठ काढून टाकीत आणि तासन्तास वाहत्या पाण्यात धूत. धुण्यात कुचराई झाली तर चित्र काही वर्षांत पिवळे पडून फिके होई. छापाचा आकार काचेएवढाच राहत असल्याने मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी, आणि कॅमेराही तेवढाच अवजड. या साऱ्या कामांना स्टुडिओत वेगवेगळे कारागीर असत. संस्थेच्या नावामागे राजा दीनदयाळ आणि पुत्र असे लिहिले जाई. ज्ञानचंद व धरमचंद हे त्यांचे मुलगे या धंद्यात होते.

इ. स. १९०४ मध्ये धरमचंद निवर्तले. हा घाव वृद्ध पित्यास फार सोसला नाही असे दिसते. कारण पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ रोजी, मुंबई येथे राजा दीनदयाळ यांचे निधन झाले. वय एकसष्ट वर्षांचे होते. सहावे निजाम त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, इ. स. १९११ मध्ये वारले. त्या दरबाराचे वैभवही ओसरले. स्टुडिओची पूर्वीची भरभराट राहिली नाही.

काचा मात्र उरल्या. पुष्कळ हरवल्या, फुटल्या, विकल्या गेल्या असतील, परंतु इ. स. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळ यांच्या २८५७ काचा मिळविल्या. इ. स. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्या काचा मोठ्या आहेत आणि जड आहेत. दोन्ही हातांनी कडांना धरूनच त्या उचलाव्या लागतात, आणि उजेडासमोर धरल्या की त्यांवरील आकाश काळे दिसते व काळी पगडी पांढरी.